गडग्यातली डबी: थंडीत कोकणात जिओकॅशिंग सुरू करताना

फोन सांगतोय, शून्य मीटर. समोर कमरेएवढा गडगा, जांभ्याचे शे-दोनशे दगड एकावर एक रचलेले, वर वाळलेलं शेवाळ आणि दवाने ओलं झालेलं कोळ्याचं जाळं. यातल्याच कुठल्यातरी फटीत तुमच्या मुठीएवढी एक डबी आहे. इथून पुढे उपग्रह काही सांगत नाहीत. आता तुमचे डोळे आणि थोडा धीर. जिओकॅशिंग मला आवडतं ते या क्षणासाठी, आणि कोकणात हा क्षण थंडीतच नीट अनुभवता येतो.

खेळ साधा आहे. कोणीतरी एक डबी लपवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंग डॉट कॉमवर टाकतं. आपण तिथे जायचं, शोधायचं, डबीतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबी होती तिथे होती तशी ठेवायची. या डबीलाच कॅश म्हणतात. सुरुवात झाली मे २००० मध्ये. जीपीएसच्या नागरी संकेतात अमेरिकी सरकार मुद्दाम चूक घालत असे, ते २ मे रोजी थांबलं आणि शंभर मीटरपर्यंत भरकटणारी यंत्रं एका रात्रीत कामाची झाली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगॉनमध्ये बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले. आज जगभरात अशा तीस लाखांहून जास्त डब्या आहेत. भारतात त्या विरळ आहेत, कोकणात तर फारच. त्यामुळे इथे एका दिवसात दहा डब्या मिळतील असं मनात आणू नका. एक डबी, एक गाव, एक दिवस असा हिशोब ठेवा.

थंडीतच का? पावसात सड्यावरचा, म्हणजे उघड्या पठारावरचा, कातळ शेवाळाने निसरडा होतो, वाटा झाडोऱ्यात बुडतात आणि पाच फुटांवरचा दगड दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये तोच कातळ असा तापतो की अकरानंतर उभं राहवत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत मात्र रत्नागिरीत पहाटे एकोणीस-वीस अंश असतात, गवत वाळून खाली बसतं आणि बुजलेल्या पाखाड्या, म्हणजे दगडी पायवाटा, परत दिसू लागतात. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, त्याने हवा कोरडी राहते. डिसेंबर-जानेवारीत आंब्याला मोहोर येतो आणि वाडीतल्या वाटेने जाताना तो वास तुमच्याबरोबर चालतो.

आता कामाला लागू.

घरी बसून करायची तयारी

जिओकॅशिंगचं अ‍ॅप घ्या आणि फुकटचं खातं उघडा. काही कॅश फक्त पैसे भरणाऱ्या सदस्यांना दिसतात, पण सुरुवातीला त्याची गरज नाही. प्रत्येक कॅशला दोन आकडे असतात: शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड, दोन्ही एक ते पाच. पहिल्या खेपेला दोन्ही आकडे दोनच्या आत असलेली ‘ट्रॅडिशनल’ जातीची कॅश निवडा, कारण तिथे दिलेल्या अक्षांश-रेखांशांवरच डबी असते. ‘मल्टी’मध्ये एका जागेवरून दुसरीचा पत्ता मिळतो, तर ‘मिस्ट्री’मध्ये आधी कोडं सोडवावं लागतं. त्या नंतर.

डबीचा आकारही दिलेला असतो. ‘मायक्रो’ म्हणजे फिल्मच्या रोलची डबी किंवा त्याहून लहान. गडग्यात मायक्रो शोधणं नवख्याने पहिल्या दिवशी करू नये, हे माझं ठाम मत आहे. जेवणाच्या डब्याएवढी असेल तर शोधायलाही मजा येते आणि लहान मुलं कंटाळत नाहीत.

मग शेवटच्या चार-पाच नोंदी वाचा. हे फार महत्त्वाचं आहे. शेवटची सापडल्याची नोंद तीन वर्षांपूर्वीची असेल आणि त्यानंतर सगळ्यांनी ‘सापडली नाही’ लिहिलं असेल, तर ती डबी बहुधा एखाद्या पावसात गेली. चांगला दिवस तिच्यामागे घालवू नका.

अक्षांश-रेखांश टाकताना एक चूक जवळजवळ प्रत्येक नवखा करतो, म्हणून सविस्तर सांगतो. कॅशचे आकडे अंश आणि दशांश मिनिटांत असतात. उदाहरणासाठी उत्तर १६° ५९.४००' आणि पूर्व ७३° १८.०००' घेऊ. हे रत्नागिरी शहराच्या आसपास आहे. एका अंशात साठ मिनिटं, म्हणून नुसत्या दशांश अंशांत हेच १६.९९ आणि ७३.३० होतात. पण घाईत कोणी १६.५९४ आणि ७३.१८ असं टाकलं, तर ठिपका चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला, विजयदुर्गाच्या पश्चिमेला भर समुद्रात पडतो. अंशाचं चिन्ह आणि मोकळी जागा जशीच्या तशी टाका. शेवटच्या आकड्याची किंमतही माहीत असू द्या: मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर. आकडा लिहिताना एक ‘३’चा ‘८’ झाला तरी तुम्ही दुसऱ्याच्या गडग्यापाशी उभे राहाल.

सड्यांवर आणि खाड्यांच्या खोलगट भागात नेटवर्क जातं. नकाशा, कॅशचं वर्णन आणि सूचना घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या.

भरतीची वेळ

किनाऱ्यालगतची कॅश असेल तर घड्याळाआधी तिथी बघा. आमच्याकडची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा. कृष्ण पक्षातही तसंच मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे. जाण्याआधी त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात वेळ पक्की करा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा फरक कमी.

हे का सांगतो, तर नकाशावर शंभर मीटर दिसणारी वाट दोन तासांत पाण्याखाली जाते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं आणि भरतीला होडी लागते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण अशा शेकडो छोट्या जागा या किनाऱ्यावर आहेत ज्यांना पाटी नाही. ओहोटी लागल्यावर जा आणि पाणी वळायच्या आत परत या. खडपांवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, अनवाणी चालू नका, कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात. हेदवीच्या बामणघळीसारख्या ठिकाणी, जिथे भरतीचं पाणी अरुंद घळीत घुसून उंच उसळतं, तिथे कडेपासून लांबच राहा.

पिशवीत काय

दोन पेन्सिली. पेन ओलसर कागदावर उमटत नाही. एक चिमटा, कारण वहीची गुंडाळी छोट्या डबीतून बोटांनी निघत नाही. हाताएवढी काठी, टॉर्च, जाड हातमोजे, पाणी, फोनला जास्तीची बॅटरी. घोट्यावर येणारे बूट आणि पूर्ण लांबीची पँट. डबीत ठेवायला छोटी वस्तू: शिंपलं, गोट्या, जुनं नाणं. डबीतलं काही घेतलं तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाचं आत ठेवायचं. खाऊ मात्र कधीच नाही, मुंग्या आणि उंदीर डबी फोडतात.

याशिवाय कोकणापुरती माझी एक भर: कोऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या, झिप लागणाऱ्या दोन लहान पिशव्या आणि एक सुकं फडकं. जून ते सप्टेंबर इथे जो पाऊस पडतो त्यात उत्तम झाकणाच्या डबीतही ओल शिरते. डिसेंबरात तुम्ही पोचता तेव्हा पावसाळ्यानंतर ती उघडणारे तुम्ही पहिले असू शकता. वही भिजून चिकटली असेल तर ती फेकू नका. डबी पुसा, वही उन्हात धरा, शेजारी नवी पट्टी ठेवा आणि नोंदीत तसं लिहा. डबी ज्याची असेल तो मुंबईत किंवा पुण्यात असेल आणि या मदतीचं त्याला फार बरं वाटेल.

सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र बाहेरदेशाहून आलेल्या पाहुण्याकडे असेल, तर ते घरीच ठेवायला सांगा. भारतात ते परवानगीशिवाय वापरता येत नाही. साधा जीपीएस पुरे.

जागेवर पोचल्यावर

शेवटचे वीस-तीस मीटर फोनकडे बघत चालू नका. एकतर पाय मुरगळतो, दुसरं म्हणजे बाण नाचायला लागतो. मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. माडाखाली आणि कड्याजवळ आणखी चुकतो. लपवणाऱ्याचा फोनही तितकाच चुकलेला असू शकतो. म्हणून ‘शून्य मीटर’ हा ठिपका नसून दहाएक मीटरचं वर्तुळ आहे असं समजा. दोन-तीन बाजूंनी चालत या, प्रत्येक वेळी बाण कुठे थांबतो ते पाहा आणि मधली जागा धरा. मग फोन खिशात.

आता स्वतःला विचारा: मी लपवली असती तर कुठे? जो दगड इतरांपेक्षा सैल आहे, ज्याच्यावर शेवाळ नाही, जो जरा जास्तच नीटनेटका बसवलाय, तो बघा. वाळकी पानं एकाच फटीत कोंबलेली असतील तर ती वाऱ्याने गेलेली नाहीत. सुरूच्या बनात बुंध्याशी तीन काटक्या समांतर पडलेल्या असतील तर त्या कोणीतरी ठेवल्यात. अशी बारकाईने पाहायची सवय लागली की डबी नसलेल्या ठिकाणीही डोळे तसेच पाहू लागतात. मला एका गडग्यात डबीच्या आधी सरड्याची कात, जुनी कवडी आणि कुंभारणीचं मातीचं घर सापडलं होतं.

पण हात फटीत घालायचा नाही. आधी टॉर्च, मग काठी, मग हात. फुरसं, म्हणजे एक विषारी साप, याच कातळावर आणि याच दगडांखाली राहतं. लहान असतं, मातीच्या रंगात मिसळून जातं आणि थंडीत उन्हाला म्हणून दगडाच्या तोंडाशी येतं. अंगाचे खवले घासून ते करकर असा आवाज करतं. तो ऐकू आला तर थांबा आणि मागे या. लाल विंचूही दगडाखालीच असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशाने होणारे मृत्यू कमी केले, ते काम याच कोकणातल्या रुग्णांवर झालं. म्हणजे उपाय आहे, पण तो दवाखान्यात आहे. चावलं तर चिरणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही करू नका. अंग हलवू नका आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. निघण्याआधी जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते पाहून ठेवा.

सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग-बांद्याच्या बाजूला जंगलात जाणार असाल तर आणखी एक खबरदारी. तिथे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीच्या चाव्याने होतो आणि त्याचा हंगाम नेमका थंडीपासून उन्हाळ्यापर्यंतचा. पाचोळ्यात बसू नका, पँट मोज्यात खोवा, घरी येताच गरम पाण्याने अंघोळ करून कपडे धुवायला टाका. मेलेलं माकड दिसलं तर लांबूनच आरोग्य केंद्राला कळवा.

माणसांशी बोला

परदेशातल्या खेळाडूंचा नियम असा की आजूबाजूच्या लोकांना कळू न देता शोधायचं. शहरातल्या बागेत ते ठीक आहे. कोकणातल्या वाडीत अनोळखी माणूस गडग्यात टॉर्च मारत फिरला तर ते कोणाला आवडेल? आपणच आधी जाऊन नमस्कार करावा आणि सांगावं. पहिला प्रश्न ठरलेला असतो: “कुणाकडे आलात?”

राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत मी पाऊण तास गडगा धुंडाळत होतो. पाखाडीवरून एक वयस्कर गृहस्थ खाली आले आणि त्यांनी हेच विचारलं. मी म्हटलं, “काका, कोणाकडे नाही. इथे एक डबी ठेवलेली आहे, ती शोधतोय.”

“हिरव्या झाकणाची?”

“हो.”

“मग ती इथे कशी मिळेल? पावसात गडगा ढासळला, तो मी परत रचला. डबी घरात आहे. कोणीतरी येईल विचारत म्हणून ठेवलीय.”

घरी नेऊन त्यांनी देवळीतून डबी काढली. आतला कागद काकींनी उन्हात वाळवून पंचांगाच्या पानांत सपाट करून ठेवला होता. त्यावर माझ्याआधीची सात नावं होती, शाई फुटलेली, पण वाचता येणारी. चहा झाला. मी नाव लिहिलं, काकांनाही लिहायला सांगितलं. त्यांनी सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. मग आम्ही दोघांनी जाऊन डबी गडग्यात ठेवली. दगड त्यांनी निवडला: “हा हलणार नाही, याच्या पाठीला फणसाचं मूळ आहे.” डबी लपवणाऱ्याला मी त्याच संध्याकाळी सगळं कळवलं.

म्हणून सांगतो, विचारा. आणि काही ठिकाणी विचारल्याशिवाय पाऊलही टाकू नका. हापूसच्या बागेत मोहोराच्या दिवसांत फवारण्या चालू असतात, औषध मारलेल्या झाडाखालून जाणं अपायकारक आहे. बागेतल्या गुरख्याला हाक मारा, तो वाट सांगेल. देवराईत चपला काढायची रीत असेल तर काढा. जत्रेच्या दिवशी त्या गावात डबी शोधूच नका, जत्रा बघा.

सापडल्यावर, आणि न सापडल्यावर

डबी उघडताना ती कशी बसवली होती याचा आधी फोटो काढा. वहीत नाव, तारीख. परत ठेवताना दगडाची शेवाळाची बाजू बाहेर ठेवा. ती आत गेली तर पुढचा माणूस दुरून ओळखतो आणि वाटसरूही. ऑनलाइन नोंद करताना ‘छान’ एवढंच लिहून थांबू नका. वाट कशी होती, झाकण नीट लागतं का, काय दिसलं, हे लिहा. मात्र जागा फोडू नका. डबीत क्रमांक कोरलेला बिल्ला मिळाला तर तो ‘ट्रॅकेबल’ आहे. तो कॅशहून कॅशकडे प्रवास करतो. पुढे नेता येत असेल तरच घ्या.

नाही सापडली तर ‘डीएनएफ’ नोंदवा, म्हणजे सापडली नाही. यात कमीपणा नाही. त्या नोंदीवरूनच लपवणाऱ्याला कळतं की जाऊन बघायला हवं.

डबी नसलेली ‘अर्थकॅश’ नावाची जात मला कोकणासाठी सगळ्यात योग्य वाटते. तिथे भूगर्भाशी संबंधित जागी जाऊन निरीक्षण करायचं आणि प्रश्नांची उत्तरं पाठवायची. जांभा लाल का, त्यात भोकं कशी पडली, उन्हवऱ्याच्या आणि तुरळच्या कुंडांतलं पाणी गरम का, हे प्रश्न इथे पायाखालीच आहेत. काहीही न ठेवता खेळता येतं, म्हणून नाजूक जागांना हेच शोभतं. बारसू, कशेळी, देवीहसोळ इथली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली आहेत. त्यांच्या रेषांवर पाय किंवा डबी, दोन्ही नको.

स्वतः डबी लपवायची इच्छा लवकरच होईल. आधी निदान वीस शोधा. मग जमीनमालकाची परवानगी घ्या. दुसऱ्या डबीपासून १६१ मीटर अंतर हवं, खड्डा खणून पुरायचं नाही. संरक्षित किल्ल्यांच्या तटात, दीपगृहापाशी, रेल्वेपाशी, नौदल किंवा तटरक्षक दलाच्या हद्दीजवळ ठेवायची नाही. वेळास-आंजर्ल्यासारख्या पुळणींवर थंडीत कासवं अंडी घालायला येतात, तिथल्या वाळूत काहीच ठेवू नका आणि रात्री टॉर्च घेऊन फिरू नका. सुट्टीला आलात आणि डबी ठेवून गेलात, असंही करू नका. तिची देखभाल करणारं माणूस जवळ राहणारं लागतं. मेअखेर डबी घरी आणायची, अ‍ॅपवर ‘तात्पुरती बंद’ करायची आणि दसऱ्यानंतर परत ठेवायची, असं मी करतो.

पहिल्या खेपेसाठी डिसेंबर-जानेवारीतल्या पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या जवळचा दिवस घ्या. भरती दुपारच्या आत होऊन जाते आणि ओहोटी पाच-साडेपाचला येते. सकाळी सड्यावरची किंवा वाडीतली डबी, दुपारी जेवण आणि सावली, चारनंतर किनाऱ्याजवळची. सूर्य सहा-सव्वासहाला बुडतो, तेव्हा साडेपाचला शोध थांबवा, सापडली असो वा नसो. उधाणाच्या ओहोटीला पुळण दूरपर्यंत उघडी पडलेली असते, ओल्या वाळूवर थंडीचे पाहुणे कुरव रांगेने बसलेले असतात, आणि त्यांच्या अलीकडून चालत बस थांब्यापर्यंत जाता येतं.